ओटीचं ताट माझ्याच हातात राहील

प्रति,
कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या नवरात्र उत्सव मंडळाचे अध्यक्ष, सर्व कार्यकर्ते आणि महिला विभागातल्या सगळ्या जणी,

सप्रेम नमस्कार.

घटस्थापनेला तीन आठवडे उरलेत. येत्या रविवारी तुमची बैठक आहे, पावतीपुस्तकं छापून आलीत, मांडवाचे पाइप बाहेर निघालेत, हे मला माहीत आहे. म्हणूनच आत्ता लिहितेय. एकदा माळा सुरू झाल्या की कुणाला कुणाचं ऐकायला सवड नसते.

तुमच्यातले चौघे माझ्या वर्गात होते. एवढी वर्षं झाली तरी रस्त्यात भेटलात की "बाई" म्हणून वाकता आणि मीही तुम्हाला अरे-तुरेच करते. आज "तुम्ही" म्हणतेय, कारण हे पत्र मंडळाला आहे. मंडळाशी मी दोनदा तोंडी बोलले. दोन्ही वेळा "बघू बाई, पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. पुढचं वर्ष आलं. शिवाय जे झालं ते भर मांडवात, शे-दीडशे माणसांसमोर झालं. तेव्हा पत्रही उघडंच असू दे.

आधी ओटीचं सांगते.

गेल्या नवरात्रात शुक्रवारी संध्याकाळी ओटीचा कार्यक्रम होता. मी दुपारीच ताट भरून ठेवलं होतं. खण, नारळ, पाच मुठी तांदूळ, लेकुरवाळं हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हिरव्या बांगड्या, अबोलीची वेणी. वेणीसाठी महाद्वार रोडला स्वतः जाऊन आले होते. रांगेत माझी पाळी आली तेव्हा महिला विभागातली एकजण अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, ताट इकडं द्या. सवाष्णीच्या हातनं भरून घेतो. तुम्ही निवांत बसा." कुणीतरी लगेच खुर्ची आणली. सरबतही आलं.

कुणी वेडंवाकडं बोललं असतं तर मी भांडले असते. मान देऊन बाजूला बसवलंत, त्यावर काय बोलायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. ताट माझ्या हातातून गेलं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलीनं ते देवीसमोर धरलं. देवीपाशी जे मागायचं होतं ते माझ्या पोटात होतं, ते त्या मुलीला कुठून ठाऊक असणार? मी खुर्चीवर बसून देवीकडं बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यासमोर परकं वाटलं.

आमचे मिस्टर या मंडळाचेच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासून मांडवाचं लायटिंग तेच करत होते. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. पंचगंगेच्या स्मशानात चार माणसं होती. घरी बायका येऊ शकल्या नाहीत. त्यामुळं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं यातलं काहीच झालं नाही. कुणी ठरवून टाळलं असं नव्हे, करायला माणसंच नव्हती. दिवस झाल्यावर एका सकाळी मी सवयीनं आरशासमोर बसले. समोर करंडा होता. बोट आपसूक तिकडं गेलं आणि थांबलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. ऐंशी पार केलेली बाई, स्वतः चाळीस वर्षं बिनकुंकवाची. त्या एवढंच म्हणाल्या, "लाव की. तुझं कपाळ हाय."

बरोबर एक वर्षानं, २०२२ च्या मे महिन्यात, आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावात या प्रथा बंद. शिरोळ तालुक्यातलं ते गाव. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली होती, त्याच महिन्यात. पाठोपाठ राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात ती बातमी वाचताना मी रडले होते, कारण मला जे अपघातानं मिळालं ते एका गावानं शुद्धीत राहून, हात वर करून आपल्या बायकांना दिलं होतं.

पण त्यानंतर आमच्या घरात जे घडलं तेही सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं अर्धंच पोचेल. पुढच्या संक्रांतीला एका संस्थेच्या बायका आमच्याकडं आल्या. विधवांचं हळदीकुंकू करायचं होतं. हेतू चांगलाच होता. सोबत फोटो काढणारा होता. त्यांनी मला कुंकू लावलं, मी आनंदानं लावून घेतलं. मग त्या सासूबाईंकडं वळल्या. सासूबाईंनी मान मागं घेतली. "मला नको, बाई." एकीनं हसत हसत त्यांची हनुवटी धरली आणि दुसरी म्हणाली, "आजी, आता तो जमाना गेला, लावायचंच!" म्हातारीनं दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं. चाळीस वर्षं तिनं त्या मोकळ्या कपाळात आपल्या माणसाची आठवण जपली होती. कुणाच्या धाकानं तसं राहायला लागलं असेल सुरुवातीला, असेलच. पण पुढं ते तिचं झालं होतं. मी त्या बायकांना हाताला धरून बाहेर नेलं, चहा दिला आणि निरोप दिला. त्या माझ्यावर नाराज झाल्या. त्यांच्या मते मी प्रतिगामी.

हे लिहिताना मला त्या दिवशीचे सासूबाईंचे ते दोन हात दिसतात. तेच मला गेल्या अष्टमीच्या रात्री आठवले होते.

अष्टमीचं तुम्हाला माहीतच आहे. माझा मुलगा देव मानत नाही. कॉलेजपासूनच नाही. बाप गेल्यानं वगैरे काही झालेलं नाही, त्याला ते पटतच नाही, बस्स. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. सुट्टी टाकून मांडवाचे पाइप उभे करतो, बापाची हत्यारं घेऊन वायरिंगला मदत करतो, वर्गणी पहिल्या दिवशी देतो, महाप्रसादाला रात्री दोन वाजेपर्यंत भांडी उचलतो. आरतीच्या वेळी मात्र बाजूला शांत उभा राहतो. हात जोडत नाही. गेली कित्येक वर्षं हे सगळ्यांना दिसत होतं, कुणाचं काही अडत नव्हतं.

गेल्या अष्टमीला महाआरती चालू असताना एकानं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "हात जोड, नाहीतर मांडवातनं भाईर हो." तो बाहेर गेला. गुपचूप गेला, वाद घातला नाही. पण कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि रात्री ग्रुपवर टाकलं. खाली ओळ होती, "हा नक्की कुणाच्या बाजूचा?" दुसऱ्या दिवशी त्याला ग्रुपमधून काढलं. दसऱ्याला सोनं द्यायला आमच्या दारात नेहमीच्या निम्मीही माणसं आली नाहीत. माझी भिशी सुटली. पोराला गल्लीत कुणी हाक मारीना.

त्या ओळीनं मला झोप लागली नाही. २०१५ च्या १६ फेब्रुवारीला सकाळी फिरून घरी परतताना अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते याच शहरात. चार दिवसांनी पानसरे गेले. देवाच्या बाबतीत माझं त्यांच्याशी जमलं नसतं, तरी मी त्या दिवशी वर्गात काही शिकवू शकले नव्हते. आणि २०२३ च्या ७ जूनला मोबाईलवरच्या स्टेटसवरून हे शहर कसं पेटलं, दगड कसे पडले, इंटरनेट कसं बंद करावं लागलं, तेही तुम्ही पाहिलंत. "हा कुणाच्या बाजूचा" असं लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नसेल, अंगात आलेली मस्ती असेल. पण आईच्या पोटात ते वाक्य कसं उतरतं हे त्यानं एकदा ऐकावं.

आता बघा. शुक्रवारी एका बाईला देवीजवळ यायचं होतं, तिला अडवलंत. अष्टमीला एका पोराला हात जोडायचे नव्हते, त्याला जोडायला लावत होतात. दोन्हीकडं हात तुमचाच. एकाच आठवड्यात भक्त बाहेर ठेवली आणि भक्त नसलेल्याला आत ओढलं. यात देवीची सेवा कुठं झाली ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

बैठकीत तुमच्यातला एकजण म्हणाला होता, "बाई, श्रद्धा म्हटलं की नियम आले. ज्याला स्वातंत्र्य पाहिजे त्यानं श्रद्धेच्या वाटेला येऊ नये." गंमत अशी की माझा मुलगाही रात्री जेवताना हेच म्हणतो. त्याचं म्हणणं, "आई, दोन्ही एका घरात नांदत नाहीत. एकाला दुसऱ्याच्या हाताखाली राहावंच लागतं. आणि तू जिला तुझी श्रद्धा म्हणतेस ती तुला लहानपणी शिकवली, तू कुठं निवडलीस?" तुम्ही आणि तो दोन टोकांना उभे आहात आणि बोलताय एकच.

त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. मराठी मी निवडली नाही, आईच्या तोंडून आली. पण त्या मराठीत कुणाला काय बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं हे माझं मी ठरवते. अंबाबाई मला तशीच मिळाली. आईच्या कडेवर बसून घाटी दरवाजातून मी पहिल्यांदा देवळात गेले असेन, मला आठवतही नाही. पुढं डी.एड. झाले, विज्ञान शिकवलं, ग्रहणाच्या दिवशी मुलांना मैदानात नेऊन ग्रहण दाखवलं. देवी सोडावीशी वाटली नाही. सोडता आली असती, कुणी दार लावलेलं नव्हतं. नऊ दिवस मी उपवास करते. घरात फक्त मी. मुलगा समोर बसून भाकरी-मटण खातो, सून तिच्या मनाला येईल तसं करते. माझ्या उपवासाला त्यानं काही उणं येत नाही. उद्या मंडळानं माझ्या स्वयंपाकघरात माणूस बसवला, मी खाते की नाही बघायला, तर पोट तितकंच रिकामं राहील. पण त्याला उपवास म्हणत नाहीत, उपाशी ठेवणं म्हणतात. दिसायला दोन्ही सारखंच. ज्याच्या पोटात ते घडतं त्याला फरक कळतो, आणि मला वाटतं देवीलाही कळत असावा.

आमच्या शाळेत एक मुसलमान बाई होत्या. नोकरीत असताना डोक्यावर काही घ्यायच्या नाहीत, निवृत्त झाल्यावर हिजाब घेऊ लागल्या. त्यांच्या दोन्ही सुना घेत नाहीत. त्यांना निम्मे लोक विचारतात, "तुम्ही का घेता?" आणि उरलेले निम्मे विचारतात, "सुना का घेत नाहीत?" त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरात तिघींचं आजवर वाजलेलं नाही. बाहेरच्यांनाच फार काळजी." मी त्यांना माझं ओटीचं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

आणि हे आपल्या गावाला नवीन आहे का? बाबूजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. मोहरमला तालमीत पंजे बसतात तेव्हा तुमच्या-माझ्या घरून चोंगे आणि मलिदा जातो. पंजासमोर हात जोडणाऱ्याला तू कोण म्हणून कुणी विचारलं नाही, आणि न जोडता तिथं नुसता उभा राहणाऱ्यालाही नाही. असं आम्ही लहानपणापासून बघत आलो.

परंपरेचं म्हणाल, तर कोल्हापूरची परंपरा आपण नीट मोजू.

१८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात होते. तिथं त्यांच्यासाठी वेदातले, म्हणजे वेदोक्त मंत्र म्हटले जात नव्हते, पुराणातले, म्हणजे पुराणोक्त म्हटले जात होते. छत्रपती असले तरी शूद्र, म्हणून. महाराजांना तेव्हा दोन सोप्या वाटा होत्या. चालत आलंय तसं चालू द्यायचं, किंवा तुमचा धर्मच नको म्हणून पाठ फिरवायची. त्यांनी दोन्ही केलं नाही. "मला वेदोक्त का नाही?" हा प्रश्न त्यांनी धर्माच्या आत उभं राहून विचारला आणि त्यासाठी पुढची कितीतरी वर्षं शिव्या खाल्ल्या. १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं पीठ उभं केलं, देवाचं दार आपल्या हातानं उघडायची सोय केली. त्याच राजानं १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नाचा कायदा केला. कुणी कुणाशी लग्न करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं म्हणणारा हा माणूस नास्तिक नव्हता. २६ जूनला तुम्ही दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालता. मी शुक्रवारी जे विचारत होते ते त्यांनी नदीवर विचारलं त्याहून वेगळं काय होतं? त्यांना मंत्र अडवला होता, मला ओटी.

कावळा नाक्याला घोड्यावर बसलेल्या ताराराणी रोज बघता ना? १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली आणि पुढं करवीरची गादी उभी केली. ज्या गादीच्या नावानं आपण छाती फुगवतो ती एका विधवेनं उभारलेली आहे. त्या आज आपल्या मांडवात ताट घेऊन आल्या असत्या तर महिला विभागानं त्यांना खुर्ची दिली असती का? मला हे खरोखर जाणून घ्यायचं आहे.

मला माझंही एक कबूल करायचं आहे. २०१६ च्या १ एप्रिलला शनी शिंगणापूरच्या बाबतीत उच्च न्यायालयानं सांगितलं की देवळात जाणं हा बायकांचा मूलभूत हक्क आहे आणि तो राखणं सरकारचं काम आहे. १९५६ पासून तसा कायदाही होता. त्याच महिन्यात आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यापाशी ढकलाढकली झाली. मी तेव्हा सवाष्ण होते. स्टाफरूममध्ये मी म्हटलं होतं, "कशाला पाहिजे गाभाऱ्यात जायला? बाहेरून देवी दिसत नाही का?" मला तेव्हा कुणी अडवलेलं नव्हतं, म्हणून तसं म्हणणं सोपं होतं. ज्या बायकांनी धक्के खाल्ले त्यांच्यातली एकही माझ्या ओळखीची नाही. असती तर जाऊन तिची माफी मागितली असती.

तीस वर्षं मी मुलांकडून संविधानाची प्रास्ताविका म्हणून घेतली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते ती. तुम्ही चौघांनीही घसा ताणून म्हटली आहे. "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य". श्रद्धा आणि स्वातंत्र्य तिथं एकाच ओळीत बसलेत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. अनुच्छेद २५ मध्ये तर धर्म पाळण्याच्या हक्काआधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे. आधी माझं मन, मग माझा धर्म. केरळातल्या तीन भावंडांची गोष्ट मी वर्गात सांगायचे. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेप्रमाणं ती राष्ट्रगीत गात नसत, पण सगळ्यांबरोबर आदरानं उभी राहत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांना काढणं चूक होतं. ती मुलं श्रद्धेमुळं गप्प उभी होती, माझा मुलगा श्रद्धा नसल्यामुळं गप्प उभा होता. दोघांना सावली देणारं झाड एकच आहे. ते तोडलंत तर उद्या तुमच्या डोक्यावरही ऊनच येणार.

मंडळाला काही नियम असूच नयेत असं मी म्हणत नाही. चपला मांडवाबाहेर काढायच्या, आरती चालू असताना फोनवर बोलायचं नाही, देवीसमोर दारू पिऊन यायचं नाही, हे सगळं ज्यानं त्यानं पाळायलाच हवं. मुलानं यातलं काही मोडलं तर मीच त्याला आधी बाहेर काढीन. संविधानानंही धर्मसंप्रदायांना आपला कारभार बघायचा हक्क दिलाय, तो मला मान्य आहे. पण चपला कुठं काढायच्या हे सांगणं वेगळं आणि मनात काय धरायचं हे सांगणं वेगळं. शिवाय मांडव सार्वजनिक रस्त्यावर आहे, महापालिकेच्या परवानगीनं आहे, आणि वर्गणीच्या पावत्या सवाष्ण-विधवा, आस्तिक-नास्तिक बघून फाडल्या जात नाहीत. माझी पावती तर तुम्ही स्वतः घरी आणून दिलीत.

"भावना दुखावतात" हेही ऐकलं. दुखावत असतील. शेजारी कुणी हात न जोडता उभा असला की मन जरा बावरतं, हे मला कळतं. माझंही पहिल्या वर्षी बावरलं होतं, पोटचा पोर असून. मी त्याच्याकडं न बघता देवीकडं बघायला शिकले.

राज्यात ३ जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ओळखीच्या एका वकिलांनी मला त्याची आठवण करून दिली. मी पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही, हे आत्ताच सांगते, म्हणजे रविवारी कुणी भीतीपोटी हो म्हणायला नको. चौथीतल्या मुलांवर केस करायला मी बाई झाले नव्हते. पण गल्लीत एखाद्याला कुणी हाक मारायची नाही असं ठरतं तेव्हा त्याला काय म्हणतात, हे तुम्हाला माहीत असावं.

आता मागणं. ओटीच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर गेल्या वर्षी "फक्त सुवासिनींसाठी" असं होतं, ते यंदा छापू नका. जिला यायचं ती येईल. माझ्या मुलाचा तो व्हिडिओ ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलमध्ये आहे त्यांनी तो पुसावा, आणि ज्या ग्रुपवर ती ओळ लिहिली गेली तिथंच अध्यक्षांनी लिहावं की आरतीत हात जोडायची कुणावर सक्ती नाही. माफी नको. त्याला ग्रुपमध्ये परत घ्या. लायटिंगचं वायरिंग गेल्या वर्षी अर्धवट राहिलंय आणि त्याच्या वडिलांनी काढलेला नकाशा त्याच्याकडंच आहे. सासूबाईंसाठी काहीच मागत नाही. त्यांना कुणी बोलवायला येऊ नका, त्यांच्या मनात असलं तर त्या काठी टेकत येतील आणि लांबून बघून जातील.

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते. कोहळ्याची फोड मिळावी म्हणून तुम्ही त्या गर्दीत घुसता, मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेय. ती पालखी का जाते ते तुम्हाला मीच सांगितलं होतं वर्गात. कोल्हासुराला मारल्यावर विजयाचा सोहळा झाला, त्यात लढाईत साथ देणाऱ्या त्र्यंबोलीला, म्हणजे याच टेंबलाईला, बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि अंबाबाईकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हा अंबाबाईनं काय केलं, हे तुमच्यातल्या एकानं तेव्हा हात वर करून सांगितलं होतं. "देवी स्वतः गेली, बाई."

यंदाचा खण मी घेऊन ठेवलाय. हिरवा, लाल काठाचा. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी रांगेत असेन. कुंकू लावून येईन. या वेळी खुर्ची आणू नका, मला उभं राहता येतं.

तुमची,
चौथी 'ब' ची बाई